शेवटचा ठोका

साखर पेठेत, सुताच्या दुकानावरच्या माडीवर
फिलोमिना भंडारे बाई फ्रेंच शिकवतात,
मंगळवार-शुक्रवार, सात ते आठ.
आम्ही चौघं. दोघी नर्स, एक केटरिंगवाला,
आणि मी, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याचा पत्रव्यवहार.

बाई डस्टरनं टेबलावर शब्द फोडतात.
आम्ही बोलतो: पार्-लों.
तुम्ही बोलता: पार्-ले.
केटरिंगवाला हसतो, त्याला बिस्कीट आठवतं.
"जोर शेवटच्या तुकड्यावर, आधीचे सगळे एका मापाचे."
"आणि वाक्य लांबलं तर?"
"तर जोर पुढं सरकतो. काठाला जाऊन थांबतो."
काठ म्हटल्यावर मला कळलं.

मग फळ्यावर 'ते बोलतात'.
शेवटी तीन अक्षरं, तिन्ही मुकी.
तो बोलतो, ते बोलतात, कानाला एकच: पार्ल्.
"मग लिहायची कशाला?"
"पूर्वी कुणीतरी म्हणत होतं म्हणून," बाई म्हणाल्या
आणि फळा पुसला.

ल्योंच्या आमच्या गिऱ्हाइकाचं 'पैसे देतात' हे क्रियापदही असलंच.
लिहायला लांबलचक, ऐकायला नुसतं 'पे'.
मार्चपासून तेवढंही ऐकू आलेलं नाही.

नान्नांना ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं जॉबर, एका शेडमध्ये चोवीस माग,
आणि कानात कापूस घालायची लाज,
तीही सूतगिरणीच्या गावात.
आता घरातली तेलुगू, बाहेरची मराठी,
त्यांच्यासाठी सगळी ओठांची उघडझाप.
पण रात्री मी पाठ करायला बसलो की
ते समोर येऊन टेबलावर तळवा टेकवतात.

मी बोटानं ठोकतो: नू-झा-तां-दों.
आम्ही वाट बघतो.
('आम्ही'चं शेवटचं मुकं अक्षर
इथं उठून शेजारच्या शब्दात जाऊन बसतं,
झ होऊन. तुटलेला धागा
पुढच्याशी पिळून जोडावा तसं.)
नान्ना मोजतात. चार.
"शेवटचा पक्का," ते ओरडून सांगतात,
"टेरीत असंच. दोन धागे ढिले सोडायचे,
तिसऱ्याला फणी पुरी बसते,
तेव्हा कुठं लूप उभं राहतं."
बाईंना हे सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी बाईंनी 'मरणे' घेतलं.
तो मरतो: मर्.
आम्ही मरतो: मुरों.
जोर धातूवर पडला की धातूचा स्वर बदलतो,
जोर प्रत्ययावर गेला की धातू सुटतो,
त्याच्याकडं कुणी बघत नाही, तो जुनाच राहतो.
मी वहीच्या कडेला लिहिलं: सूत. सुताला.
एकटं असताना सू लांब,
मागं 'ला' लागला की आखडतो.
मीठ, मिठाला. मूल, मुलाला.
बारावीपर्यंत याच ऊकारांसाठी पट्ट्या खाल्ल्या,
असं असतं का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

घरी कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून
नान्नांपुढं धरलं.
एकटा: मर्. सगळे: मुरों.
ते इतके हसले की ठसका लागला,
आई आतून पाणी घेऊन धावली.
"बरोबर आहे की बे!
एकटा असला तर मरतो.
बरणीत चौघांबरोबर पडला
की मुरतो, कैरीसारखा."

सोमवारी ल्योंला पत्र लिहिलं.
बिल नंबर, तारीख, सहाशे डझन, पांढरे,
आणि खाली, आम्ही वाट बघतो.
पाठवायच्या आधी टेबलावर ठोकून बघितलं.
तीन हलके, चौथा जोरात.
वीज गेलेली, शेडमधले माग बंद,
म्हणून लांबपर्यंत ऐकू गेलं.
अंबय्या दारात येऊन उभा राहिला.
"बोलावलं का साहेब? चहा?"